चौदा तास मधल्या सीटवर

३ मार्च, सोमवार
आज आमची नवी सीट पास झाली. पास मीच केली. आमच्या कारखान्यात विमानाच्या इकॉनॉमी क्लासच्या सीट्स तयार होतात आणि त्या आरामशीर आहेत की नाहीत हे ठरवणारा प्रवासी-आराम विभाग म्हणजे मी. विभागात माझ्याशिवाय एक टेबल, एक पंखा आणि एक खुर्ची आहे. खुर्चीचा एक हात निखळलाय. पण तक्रार करायची तर ती माझ्याकडेच येणार, म्हणून राहून जातं.

नवी सीट बारीक आहे. लोक बघितल्या बघितल्या पातळ म्हणतात. पातळ काय! सडपातळ म्हणा. गादी मुद्दाम कमी ठेवलीय, कारण गादी जाड दिसली की प्रवाशाच्या अपेक्षा वाढतात. पाठ मागे जात नाही, ती कारखान्यातूनच जराशी रेललेली येते. म्हणजे बटण शोधायची कटकट नाही आणि मागच्याशी भांडणही नाही. एवढा विचार कोण करतं हो?

संध्याकाळी लेकीचा फोन. पहिलं बाळंतपण, एप्रिलअखेरीस. राहते चौदा तासांच्या विमानप्रवासावर. तिला आई जवळ हवीय. जावई गुणी आहे, पण परवा सराव म्हणून बाहुलीला दुपट्यात गुंडाळलं तर पाय वर आणि डोकं आत.

हिचं मात्र एकच पालुपद, विमानात बसणार नाही. मागच्या वेळी जाऊन आली तेव्हा आठवडाभर जमिनीवर झोपली होती आणि रोज सकाळी उठताना माझ्या खात्याचा उद्धार करत होती. मी म्हटलं, ते जुनं विमान. एप्रिलपासून तिकडे नवं विमान जाणार आणि त्यात आमची हीच सीट असणार. माझी गॅरंटी! ही प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. गॅरंटी वगैरे ऐकून घेत नाही. म्हणाली, आधी तुम्ही त्या सीटवर चौदा तास बसून दाखवा, इथे, घरात, माझ्यासमोर. बसलात तर मी येते, तुम्हीही चला. नाही बसलात तर लेकीला तुमच्या तोंडाने सांगा, आई येत नाही म्हणून.

मी हसून हो म्हटलं. बसणं हे काय काम झालं? नोकरीत आजवर दुसरं केलंय काय?

रात्रीच दोन तिकिटं काढून टाकली. १९ एप्रिल. तिला खिडकी, मला मधली. त्याग.

६ मार्च, गुरुवार
साहेबांकडे गेलो. तीन सीटची एक रांग घरी न्यायला मागितली. संशोधनासाठी, असं म्हटलं. साहेबांनी डोळे बारीक करून विचारलं की बायकोला दाखवायला का? मी म्हटलं, तेही संशोधनच आहे. मिळाली.

दुपारी रांग घरी आली. दारातून आत येईना. आडवी केली, उभी केली, तिरकी केली. शेवटी दार बिजागरीतून काढलं. सोफा झोपायच्या खोलीत गेला, त्यामुळे आता झोपायच्या खोलीत जायचं तर सोफ्यावरून. रांग प्लायवूडच्या फळीवर बोल्टने आवळून बैठकीच्या खोलीत मांडली. काय रुबाब! ही शाळेतून आली, बघितलं आणि पर्स न ठेवता तशीच उभी राहिली. मी म्हटलं, बस ना. म्हणाली, आधी तुम्ही.

संकल्प: १. रोज सराव. वेळ वाढवत न्यायचा. २. साखर बंद. ३. पाठीचे व्यायाम सकाळी.

८ मार्च, शनिवार
पहिला सराव. कंपनीच्या पद्धतीप्रमाणेच केला. म्हणजे वीस मिनिटं, हातात चहा. आमच्याकडे चाचणी चहाच्या सुट्टीतच होते, कारण तेव्हा बसायला सगळेच तयार असतात. निष्कर्ष: उत्तम. पाय लांब सोडले, टीपॉयवर ठेवले, डुलकी लागली. चौदा तास म्हणजे अशा बेचाळीस डुलक्या. झालंच की.

व्यायाम उद्यापासून. आज रांग हलवण्यातच व्यायाम झाला.

१२ मार्च, बुधवार
आज तासभर बसायचं ठरवलं होतं. निम्म्यात उठलो. पण त्यात सीटचा दोष नाही. दाराची बेल वाजली. विमानात दाराची बेल नसते, त्यामुळे हा व्यत्यय हिशेबात धरू नये.

बेल मेहुण्याने वाजवली होती. हिचा धाकटा भाऊ. जिम चालवतो. दारात मावत नाही तो घरात मावतो कसा हे मला कोडंच आहे. म्हणाला, भावोजी, घरात विमान आणलंत आणि आम्हाला पत्ता नाही! मग बसून बघितलं. बसताना काही झालं नाही. उठताना सीट त्याच्याबरोबर उठू पाहत होती.

चहात साखर घातली. पाहुणा आल्यावर आपण फिका प्यायलो तर बरं दिसत नाही.

१५ मार्च, शनिवार
आज जरा वाद झाला. वाद म्हणजे तांत्रिक चर्चा.

मी पाय पसरून छान बसलो होतो. ही वह्या तपासत होती. मध्येच चष्म्यावरून बघत म्हणाली, पुढची रांग कुठाय?

मी म्हटलं, कुठली पुढची रांग?

म्हणाली, विमानात तुमच्या पुढे आणखी एक रांग असते ना? तुमचे पाय आत्ता जिथे आहेत तिथे पुढच्या माणसाची पाठ असते.

मी तिला समजावलं की चाचणीच्या हॉलमध्ये आम्ही एकच रांग ठेवतो. दुसरी ठेवली तर चहावाल्याला जायला वाट राहत नाही. हिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळं विमान पहिल्या रांगेत बसवलंत?

प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे. पण विचारायची पद्धत शाळेतली असल्यामुळे माझा हात आपोआप वर गेला. खरं सांगायचं तर दिवसभर डोक्यातून जाईना. आमच्या हॉलमध्ये इतके इंजिनियर बसून गेले, कुणाला कसं सुचलं नाही? सगळे चहात बिस्किट बुडवत होते, दुसरं काय!

मग हिने मेहुण्याला बोलावलं. दोघांनी मिळून पुस्तकांचं कपाट सीटसमोर आणलं. हिने शिवणाची टेप काढली आणि आमच्याच माहितीपत्रकात छापलेलं अंतर बरोब्बर मोजून कपाट ठेवलं. मी बसलो. गुडघे कपाटाला टेकले. टेकले म्हणजे आत घुसले. मेहुणा म्हणाला, भावोजी, आता खरं टेकऑफ.

नोंद: कपाट विमान-दर्जाचं नाही. कडी गुडघ्याला लागते.

१७ मार्च, सोमवार
कडी काढली. गुडघ्याला आता नुसतं कपाट लागतं. प्रगती.

ऑफिसात पुढच्या रांगेचा विषय साहेबांच्या कानावर घातला. साहेबांनी विचारलं की ही कल्पना कुणाची. मी माझी म्हटलं. म्हणाले, मग कुणाला सांगू नका.

२२ मार्च, शनिवार
रंगीत तालीम. ही म्हणाली, एकट्याने बसणं म्हणजे चीटिंग. शेजारी माणसं हवीत. खिडकीकडे मेहुणा. त्याच्या बाजूला खरी खिडकी यावी म्हणून रांग फिरवली, तेवढाच आनंद. कडेला वरच्या मजल्यावरच्या काकू. काकू उंचीला हिच्याएवढ्याच, पण दिवसभर विणकाम करतात, त्यामुळे कोपरं सतत चालू. मधे मी.

मेहुण्याच्या दंडाने आर्मरेस्ट पहिल्या मिनिटालाच काबीज केला. दुसऱ्या आर्मरेस्टवर काकूंची लोकर. मी हात छातीशी बांधून बसलो. ही म्हणाली, छान, असंच बसवतो आम्ही पहिलीच्या मुलांना. म्हणजे ही बैठक शास्त्रशुद्ध आहे.

पाऊण तासाने काकू झोपल्या. माझ्या खांद्यावर. जाग्या झाल्यावर म्हणाल्या, किती दिवसांत अशी झोप लागली नव्हती. उद्या येऊ का? मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ही काकूंच्या पायांकडे बघत होती. त्यांचे गुडघे कपाटापासून चांगले वीतभर लांब होते.

मला मानेत जरा चमक आली. पंख्यामुळे.

२८ मार्च, शुक्रवार
उद्या परीक्षा. तयारी पूर्ण. व्यायाम राहिले, पण आयत्या वेळी नवीन काही करू नये. सकाळी सात ते रात्री नऊ. नियम हिने फळ्यावर लिहिलेत. घरात फळा आहे, हे माझं दुर्दैव. बाथरूमला जायचं तर बोट वर करून विचारायचं. तीनदाच. कपाट सरकवायचं नाही. मेहुण्याला ढकलायचं नाही.

लेकीचा फोन होता. हळूच विचारलं, बाबा, जमेल ना? मी म्हटलं, अगं, मी कोण आहे? म्हणाली, म्हणूनच विचारलं.

पण आवाज जरा रडवेला होता. तिला घाबरायला होतंय. आई नसली तर ही पोर तिकडे एकटी कशी निभावणार, हे मनात आलं आणि जेवण गेलं नाही. बसायचंच. वाट्टेल ते झालं तरी बसायचंच.

२९ मार्च, शनिवार
सकाळी ७
बसलो. पट्टा बांधला. हिने शिट्टी वाजवली. मांडीवरच्या ट्रेवर वही ठेवून हे लिहितोय. ट्रे छोटा आहे, पण माझं अक्षरही छोटं आहे. मन प्रसन्न.

८
मन प्रसन्न.

९.३०
नाष्टा. ऑम्लेट, ब्रेड. खायला कोपर बाहेर काढावं लागतं, त्याला जागा नाही. मनगटापासून पुढच्या हाताने खातोय. मेहुण्याने स्वतःचं संपवून माझं निम्मं खाल्लं. म्हणाला, तुम्हाला तसंही पोचत नाहीये.

११
बसल्या जागी मुंग्या. मुंग्या म्हणजे रक्ताभिसरण चालू असल्याची खूण.

दुपारी १२.३०
बाथरूमला जायचंय. बोट वर केलं. ही म्हणाली, जा. काकू गाढ झोपल्यात. उठवायचं कसं? खोकलो. ट्रे आपटला. मेहुणा म्हणाला, भावोजी, वरून उडी मारा. थांबतो.

१.१५
थांबलोय.

१.४०
काकूंचा लोकरीचा गुंडा ‘चुकून’ त्यांच्या अंगावर पाडला. जाग्या झाल्या. वाचलो!

३
गादी आता जाणवत नाही. गादीखालचा पत्रा जाणवतो. पत्रा आमचाच, त्यामुळे मजबूत.

४.२०
मेहुणा घोरतोय. ही खुर्चीत बसून शांतपणे वह्या तपासतेय. साधी जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची. मला त्या खुर्चीचा हेवा वाटतोय. हे वाक्य खोडायचं आहे.

५.४५
दोन्ही पायांपैकी डावा माझा आहे. उजव्याबद्दल खात्री नाही. तरी पण उठणार नाही. लेकीला शब्द दिलाय.

संध्याकाळी ६.३०
सूप. चमचा खाली पडला.

७.१०
मला वाटलं होतं वाकून उचलता येईल. (मी सांगतोय, मेहुणा लिहितोय.)

रात्री ९
चौदा तास पूर्ण! मी उठलेलो नाही!

३० मार्च, रविवार
पलंगावरून लिहितोय, उताणा, वही वर धरून. कालचं सविस्तर लिहितो, कारण घरात त्याबद्दल चुकीची माहिती पसरतेय.

चमचा काढायला मी उजव्या बाजूने खाली वाकलो. डोकं कपाटाला लागलं म्हणून डावीकडून गेलो. तिथे मेहुण्याची मांडी. मधून गेलो. चमचा मिळाला, पण पाठीत कट्‌ असा आवाज झाला आणि मी तसाच राहिलो. डोकं गुडघ्यात, हातात चमचा. मेहुण्याला वाटलं की विमान कोसळताना कसं बसायचं त्याचा सराव चाललाय. त्याने टाळ्या वाजवल्या.

हिने धावत येऊन कपाट ढकललं. म्हणाली, अहो, पुरे झालं, उठा. मी म्हटलं, नाही, नऊ वाजायचेत. खरं म्हणजे उठवतच नव्हतं. पण दोन्हीचा परिणाम एकच. नऊ वाजून गेल्यावरसुद्धा मी जागचा हललो नाही. म्हणजे चौदा तासांहून जास्तच झाले. मग मेहुण्याने मधले आर्मरेस्ट वर केले आणि मला आडवं सरकवत कडेला आणलं. रांगेसकट उचलून नेऊ का, असंही त्याने विचारलं होतं.

शेवटपर्यंत चमचा सोडला नाही.

३१ मार्च, सोमवार
डॉक्टर आले. नवीन संकल्प: हसणारे डॉक्टर बदलायचे. त्यांनी सहा आठवडे प्रवास बंद सांगितला. विमानाचा? सगळाच. जेवणाच्या टेबलापर्यंतचा चालेल.

साहेबांना फोनवर अहवाल दिला: चाचणी करणाऱ्याने चौदा तासांहून अधिक काळ सीट सोडली नाही. साहेब खूश. नव्या माहितीपत्रकावर घालणार आहेत की एकदा बसलात की उठणार नाही. मी पलंगावरूनच संमती दिली.

ही ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, तुम्ही बसला नाहीत, अडकलात. मी येत नाही. पैज ती पैज.

मग लेकीला फोन मलाच करायचा होता. आईचं जमत नाहीये गं, म्हटलं. ती म्हणाली, बरं बाबा, तुम्ही पाठीची काळजी घ्या. मी सीटबद्दल काहीतरी बोलायला गेलो, पण तिने फोन ठेवला होता. त्या ‘बरं बाबा’ने पाठीपेक्षा जास्त दुखलं.

५ एप्रिल, शनिवार
काकू रोज दुपारी येऊन कडेच्या सीटवर झोपतात. उशीसुद्धा आणतात. आज ही वह्या घेऊन त्यांच्या शेजारी बसली. म्हणे उजेड तिथे चांगला येतो. थोड्या वेळाने बघतो तर वह्या मांडीवर, मान हेडरेस्टच्या दुमडत्या कडेला टेकलेली आणि तोंड किंचित उघडं. कपाट मेहुण्याने पुन्हा मोजल्या जागी सरकवलं होतं. हिचे गुडघे कुठेच टेकत नव्हते.

सरपटत दारापर्यंत गेलो आणि सोफ्याला धरून बघत राहिलो. साधारण सिनेमाभर झोपली. जागी झाली आणि मला बघून म्हणाली, डोळे मिटले होते नुसते. मी काही बोललो नाही. बोलायचंच होतं, पण उभं राहून बोलायला पाठ तयार नव्हती.

१० एप्रिल, गुरुवार
जाते म्हणाली! एकटीच जाते. काकूंनी, लेकीने आणि फिरायला येणाऱ्या मैत्रिणीने गळ घातली असं तिचं म्हणणं. मला माहीत आहे, माझ्या युक्तिवादाचा परिणाम उशिरा होतो.

लेक फोनवर रडली आणि हसली. मीही. पाठ दुखतेय म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मेहुण्याला सांगितलं.

माझं तिकीट रद्द करायचं होतं. पलंगावरून फोन लावले, गाणी ऐकली, एक दाबा दोन दाबा केलं. झालं नाही. राहू दे.

१९ एप्रिल, शनिवार
गेली. मेहुण्याने विमानतळावर सोडलं. जाताना मी सूचना दिल्या: दर तासाला पाय हलव, पाठ सरळ ठेव, चमचा पडला तर पडू दे. म्हणाली, तुम्ही औषधं वेळेवर घ्या आणि कपाट जागेवर ठेवून घ्या.

घर मोठं मोठं वाटतंय. सोफा झोपायच्या खोलीत असूनही.

आता चौदा तास माझी परीक्षा. ती अवघडली तर मला घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कारखान्यात एक खुर्ची आहे, पण तिचाही एक हात निखळलेला.

२० एप्रिल, रविवार
सकाळपासून फोन हातात. मेहुणा नाष्टा करायला आला होता, त्याच्याशी भांडलो. विनाकारण.

वाजला! पोचली. लेक शेजारीच होती, दोघी एकदम बोलत होत्या. पोट केवढं झालंय, जावयाने सूप केलंय, बाहुली आता सरळ गुंडाळतो. मी धीर करून विचारलं, पाठ?

म्हणाली, अहो, पाठ एकदम मस्त. आयुष्यात इतका आरामाचा प्रवास झाला नव्हता. उतरावंसंच वाटेना.

मी पलंगावर उठून बसलो. एका झटक्यात! सहा आठवडे गेले खड्ड्यात. मेहुण्याला हाक मारली, पेन मागवलं. हिला म्हटलं, थांब थांब, आता नीट सांग, साहेबांना लिहून द्यायचंय. प्रवाशाचा प्रत्यक्ष अभिप्राय. आजवर आमच्याकडे असा अभिप्राय कधी आलाच नाही. गादी आवडली? रेललेली पाठ? हेडरेस्ट?

म्हणाली, त्याचं काही लक्षात नाही बाई. शेजारची सीट रिकामी होती. आर्मरेस्ट वर केला, पाय पसरले आणि झोपले.

मी पेनाचं टोपण लावलं.

मेहुणा विचारत होता, शेजारची म्हणजे कुणाची?

माझी.